बीजेला ओहोटी असते

दिगू, उद्या भाऊबीज, आणि आई म्हणते चंद्राला ओवाळ.

काल दुपारी लालबागला गेले होते. दारावर कंदील नाही, उंबऱ्यापाशी रांगोळी नाही, शेजारणींनी आणून दिलेले फराळाचे डबे ओट्यावर तसेच झाकलेले. यंदा वर्षभर त्या खोलीत सण नाही. आई खाटेवर पाय खाली सोडून बसली होती. मी चहा टाकला. तिच्याकडे पाठ होती म्हणून बरं, कारण तिने एकदम विचारलं, "परवा काय करतलंस?" मी म्हटलं, काय करायचंय, काही नाही. "असां करू नये," ती म्हणाली. "जिका भाव नाय, तिणा चंद्राक ओवाळूचां. ताट कोरडां ठेवूचां नाय."

"मला भाऊ आहे," मी म्हटलं.

चहा उतू गेला. मी ओटा पुसला, पुन्हा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं. मग ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "चंद्र सगळ्या बायकांचो भाव. म्हणान तर पोरां तेका मामा म्हणतत." मी कपबशी तिच्या हातात दिली. उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं, आणि आता आमचं भांडण सोडवायला खोलीत तिसरं माणूस नाही.

पण तुला विचारते. चंद्र माझा कोण रे? आणि तुझा तरी कोण होता? सगळ्या जगाने चंद्राचे फोटो काढले, तू एक काढला नाहीस. मी म्हणायचे, अरे, पौर्णिमा आहे, समुद्रावर काय चांदणं पडलंय, काढ की एक. तर तू नाक मुरडायचास. "ताई, चंद्र कॅलेंडरवाल्यांना दे. त्याला रंगच नाही." आणि आता त्या बिनरंगाच्या चंद्राला तुझ्या जागी बसवायचं म्हणतात. तुला चालेल? मला चालत नाही. मी ओवाळणार कुणाला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलेय. तू असतास तर फोन करून डोकं खाल्लं असतं.

लोक मला विचारायचे, भाऊ काय करतो? मी सांगायचे, दिवसभर चिंचपोकळीच्या छापखान्यात रंग जुळवतो आणि संध्याकाळ झाली की पाण्यात दिवे बघत बसतो. लोक हसायचे. त्यांना वाटायचं मी थट्टा करतेय. थट्टा कसली, तेच खरं होतं. दिव्यांकडे तू कॅमेरा कधी धरलाच नाहीस. भाऊच्या धक्क्यावर पहिल्यांदा मला घेऊन गेलास ते आठवतं. मासळीचा वास, पायाखाली चिकचिक, माझी चांगली साडी. लाँचचा लाल दिवा, हिरवा दिवा, कुठल्याशा बोटीवरची निळी ट्यूब. मी म्हटलं, दिवे तिकडे वर आहेत, तू खाली काय बघतोयस? तू म्हणालास, "वरचा दिवा फोटोत जळून पांढरा होतो. त्याचा रंग कॅमेऱ्याला पेलत नाही. पाण्यात उतरला की मग तो रंग दाखवतो." आणि खरंच, नंतर तू प्रिंट आणून दिलास, त्यात लाल म्हणजे काय लाल होता. पाण्यावर सांडलेला, ताणलेला, मधेच तुटलेला. बोट कुठेच नव्हती. मी म्हटलं, छान आहे, पण हे आहे काय? तू म्हणालास, "लाल आहे." झालं, एवढंच. तुला समजावून सांगायचा कंटाळा होता, नेहमीच.

दर भाऊबीजेला ओवाळणी म्हणून तू असा एक फोटो ताटात टाकायचास. दुसऱ्यांचे भाऊ साड्या देतात, भाताच्या कुकरपासून कानातल्यांपर्यंत काय काय देतात. माझा भाऊ पाणी देतो, असं मी नणंदांना सांगायचे, चिडून. दादरच्या आमच्या घराच्या भिंती तू भरून टाकल्यास. हे म्हणायचे, "तुझ्या भावाला सांग, पुढच्या वर्षी भिंतही घेऊन ये." तुला मी ते सांगितलं तेव्हा तू इतका हसलास की करंजीचं सारण नाकात गेलं.

एक फोटो मी उलटा लावला होता. दारासमोर, जिथे सगळ्यांना दिसेल तिथे. तू आलास, बघितलास, जेवलास, गेलास. असं कितीतरी वेळा. मग एकदा सोफ्यावर मान वाकडी करून बघत बसलास. मी म्हटलं, मानेला काय झालं? "उलटा आहे," तू म्हणालास. अरे, मग इतके दिवस सांगितलं का नाहीस? तर म्हणे, "मला वाटलं तुला असाच आवडतो." मेल्या, असं म्हणून मी तुझ्या पाठीत धपाटा घातला होता. लहानपणापासून तुला मेल्याच म्हणत आले. आता तो शब्द तोंडाशी येतो आणि मी गिळते. दिवसातून कितीदा तरी गिळते.

तो फोटो अजून उलटाच आहे. सुलटा करायला हात जात नाही.

एका फोटोवरून मात्र आपलं चांगलंच वाजलं होतं, आणि ते मी विसरलेले नाही. बाबा ज्या गिरणीत राबले, तिच्या जागेवर टॉवर उभा राहत होता. शेजारी दुसऱ्या टॉवरसाठी खणलेला खड्डा, त्यात पाणी साचलेलं, हिरवं, डासांचं. तू पत्र्याच्या फटीतून त्या पाण्याचा फोटो काढलास. वरच्या टॉवरचे दिवे त्यात उतरलेले, सोनेरी, जांभळे. आणि तो मला ओवाळणीत दिलास. मी म्हटलं, हा मी लावणार नाही. बाबांचं आयुष्य ज्या जागेत गेलं, तिथल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्याची शोभा माझ्या घरात नको. तू म्हणालास, "टॉवर आपला नाही ताई, मला माहितेय. खालचं पाणी तर कुणाचं नाही ना?" मी म्हटलं, पाणीपण त्यांचंच. खड्डा त्यांचा, पाणी त्यांचं. तू म्हणालास, "मग दिसलेलं कुणाचं?" मी आणखी चिडले. फोटो कपाटाच्या मागे उभा करून ठेवला. तो तिथेच आहे. माझं मत आजही तेच आहे, दिगू. तू नाहीस म्हणून मी मागे हटणार नाही. पण हल्ली तिथून जाताना त्या खड्ड्यापाशी माझी मान आपोआप खाली वळते. आता तो बुजवलाय.

आणि तुझ्या फोटोत माणसं नसायची, ही माझी दुसरी तक्रार. मुंबईत राहून माणूस नसलेले फोटो काढायचे म्हणजे कमालच. तू म्हणायचास, माणसं असतात, पण हलतात. अंधारात कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं, तेवढ्या वेळात जो हलला तो फोटोतून पुसला जातो. "मग आम्ही उभे राहतो," मी म्हटलं, "काढ आमचा." दादर चौपाटीला मला आणि ह्यांना उभं केलंस, मागे ओल्या वाळूत हॉटेलांचे दिवे. "हलू नकोस ताई. श्वास घे, पण हलू नकोस." मी खांबासारखी उभी. ह्यांना डास चावले. फोटो आला तर त्यात मी धूसर, भुतासारखी, आणि माझ्या बाजूला ह्यांच्या नुसत्या चपला. पाय जागेवर होते ना, वरचा माणूस पुसला गेला. घरात महिनाभर हसत होतो. "हलू नकोस" आणि मग सगळं झाल्यावर "झालं, हल आता." तुझ्या तोंडून मी सगळ्यात जास्त ऐकलेली वाक्यं हीच असतील.

आता तो मोठा वाद. तो तू अर्धा टाकून गेलास.

तुला ओवाळतानाचा फोटो काढायचा होता. घरात नाही, गिरगावच्या वाळूवर. "ताई, बीजेला संध्याकाळी ओहोटी असते. दरवर्षी असते, तिथीच तशी आहे. पाणी मागे गेलेलं असतं आणि वाळू ओली, आरसा नुसता. मलबार हिलचे सगळे दिवे त्यात. तू निरांजन घेऊन ओवाळ. फोटोत तू येणारच नाहीस, हलतेयस ना. फक्त दिव्याचं कडं येईल. वर एक कडं आणि खाली वाळूत एक." हे सांगताना तू हाताने हवेत गोल काढायचास, मोठा माणूस असून.

मी म्हणायचे, आणि तू कुठे असशील?

"मी कॅमेऱ्यामागे."

"मग मी ओवाळू कुणाला?"

"कॅमेऱ्याला."

मी म्हटलं, ओवाळायचं ते पाटावर बसलेल्या माणसाला. त्याच्या कपाळाला कुंकू लावायचं, त्याच्या तोंडात करंजी घालायची. भाऊबीज म्हणजे शूटिंग नव्हे. तुझ्या कॅमेऱ्याला मी ओवाळणार नाही. तू म्हणायचास, बरं, पुढच्या वर्षी बघू. दर वर्षी पाटावर बसायचास, चुळबुळत, खिडकीबाहेर उजेड किती उरलाय ते बघत. मी ओवाळलं की करंजी तोंडात कोंबून पळायचास, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून सांगायचास, "ओहोटी होती ताई. मस्त वाळू होती. तू नव्हतीस." मी म्हणायचे, मी माझ्या जागी होते, तूच नव्हतास. हे आपलं वर्षानुवर्षं चाललं. त्यात राग नव्हता. आपलं दोघांचं ते दिवाळीचं एक काम होऊन बसलं होतं. मला कायम वाटायचं की पुढचं वर्ष आहेच.

दसऱ्याच्या आधी छातीत जळजळतंय म्हणालास. फोनवर. मी म्हटलं, डॉक्टरकडे जा. तू म्हणालास, ॲसिडिटी आहे, सोडा घेतला. आणि संध्याकाळी कॅमेरा घेऊन गिरगावला गेलास.

तू तिथे कठड्यावर बसला होतास, पुढे तिकाटण्यावर कॅमेरा, हातात फोटो काढायच्या बटनाची ती वायर. नेहमीसारखा. आणि मेलास तोही नेहमीसारखाच बसून. कुणाला कळलं नाही रे. इतकं गप्प बसायची सवय तुला कुणी लावली होती? चणेवाला रोज तुला बघायचा. त्याला वाटलं साहेब फोटो काढतायत, हाक मारली तर रागावतील. तुझ्या प्रेसमधला फ्रान्सिस दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला भेटला. चणेवाल्याने सांगितलं की एक कुटुंब आलं होतं, लहान मुलं होती, त्यांनी तुझ्या बाजूला उभं राहून समुद्राकडे पाठ करून फोटो काढून घेतले, हसत. म्हणजे कुणाच्या तरी फोनमध्ये तू आहेस. बसलेला, न हलणारा. तुझा सगळ्यात स्पष्ट फोटो तोच असेल. ती माणसं कुठली, कुठे गेली, कुणाला माहीत. त्यांनी तो कधीच पुसूनही टाकला असेल.

गर्दी कमी झाल्यावर हवालदाराने खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तू कललास.

मला त्या सगळ्या चालणाऱ्या लोकांचा राग येतो. मग तुझा येतो. मग देवाचा, आणि तोही संपला की पुन्हा तुझा. आईला राग येत नाही. ती बसून असते. मला वाटतं राग येण्यापेक्षा ते जास्त वाईट आहे.

पोलिसांनी तुझा चष्मा, चपला आणि कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला. दिव्याजवळ ठेवायला तुझा फोटो शोधायला गेलो तर फोटोच नाही. आयुष्यभर फोटो काढणाऱ्या माणसाच्या घरात त्याचा एक धड फोटो नाही. शेवटी प्रेसच्या ओळखपत्रावरचा मोठा करून आणला, त्यात तुझे डोळे अर्धे मिटलेले. आईने बघितला आणि म्हणाली, "ह्यो माजो झील न्हय, माजो दिगू न्हय. ह्यो कोणतरी हाफिसातलो." मग तिने उठून पिशवीतला कॅमेरा काढला, पदराने पुसला आणि त्या फोटोच्या शेजारी ठेवला. दहा दिवस तो तिथेच होता, दिव्याच्या बाजूला, पाण्याच्या तांब्याजवळ. येणारे जाणारे त्यालाच हात जोडत होते.

मला एकच जाणून घ्यायचं होतं, तू शेवटी काय बघत होतास. कुठला रंग होता पाण्यात. फ्रान्सिसला म्हटलं, कॅमेऱ्यातलं कार्ड बघ. तो बघून आला. खोलीत बसला, चहा घेतला नाही. मग म्हणाला, "ताई, शटर उघडंच राहिलं होतं. त्याने वायरीचं बटन दाबून अडकवलं, आणि मग बंद करायला..." कॅमेरा तसाच उघडा राहिला, बॅटरी संपेपर्यंत. बॅटरी संपली आणि फोटो साठवलाच गेला नाही. त्याआधीचे आहेत, मलबार हिलचे, एक जाहिरातीच्या बोर्डाचा लालभडक. शेवटचा नाही.

मी फ्रान्सिसवर ओरडले. म्हटलं, नीट बघ, कुठेतरी असेल. बिचारा म्हणाला, "नाही ताई. असता तर मी दिला असता ना." त्याच्या घरी गिरगावात त्यांच्या रीतीप्रमाणे तो नोव्हेंबरात गेलेल्यांसाठी मेणबत्त्या लावतो. म्हणाला, यंदा एक दिगूची लावीन. मी मान हलवली.

तर उद्या भाऊबीज. ह्यांनी सुचवलं, चुलतभावाला ओवाळ, तो डोंबिवलीहून येईल. नणंद म्हणाली, चंद्राला ओवाळणं शास्त्रात आहे. सगळे चांगल्या मनाने बोलतात. मला एकाचंही ऐकवत नाही. चंद्राला ओवाळलं की झालं, तू गेलास हे माझ्या हाताने पक्कं झालं. आईला तेच हवंय बहुतेक. तिला वाटतं, एकदाचं मी ते करावं, म्हणजे रडेन. ताट तयार आहे. पुढे काय करायचं ते कळत नाही. दिवा बंद करते आता.

*

दिगू, आज जाऊन आले.

दुपारी लालबागला गेले आणि आईकडे पाट मागितला. तुझाच, कोपरा उडालेला. आई म्हणाली, "चंद्र गच्चीवरना दिसतां मगे, पाट कित्याक?" मी म्हटलं, गिरगावला जातेय. मग फळीवरून तुझा कॅमेरा काढला आणि कापडी पिशवीत घातला.

"तां कित्याक?" आईने विचारलं.

"पाटावर बसायला कुणीतरी हवं ना."

मला वाटलं ती ओरडेल. ती भिंतीकडे तोंड करून बसली. मी जायला निघाले तशी उठली, गुडघे धरत ओट्यापाशी गेली, शेजारणीच्या डब्याचं झाकण काढलं आणि एक करंजी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली.

फ्रान्सिस चौपाटीच्या टोकाला उभा होता, मी बोलावलं होतं त्याला. तू बसायचास तो कठडा त्याने मला दाखवला नाही आणि मी विचारला नाही. खाली वाळूवर उतरलो. ओहोटी होती. तू खोटं सांगत नव्हतास. पाणी पार मागे गेलं होतं आणि वाळू ओली, काळी, चकचकीत. टेकडीवर दिवे लागत होते आणि एकेक करून वाळूत उतरत होते. पिवळे, पांढरे, कुठल्यातरी बंगल्याच्या दिवाळीच्या माळांचे हिरवे-जांभळे. वर टेकडीच्या माथ्यावर बीजेची कोर होती, नखाएवढी. मी तिच्याकडे एकदा बघितलं आणि पाठ केली.

पाट ठेवला तर वाळूत थोडा रुतला. त्यावर कॅमेरा ठेवला, तोंड माझ्याकडे करून. फ्रान्सिस हळूच म्हणाला, "ताई, बॅटरी चार्ज करून आणलीये. तिकाटणंपण आहे. लावू? एक फोटो येईल." किती चांगला माणूस आहे. मी म्हटलं, नको. हा फोटो तू काढणार होतास, दुसऱ्या कुणी काढायचा नाही. तो बाजूला झाला.

कॅमेऱ्याला कुंकू लावू द्यायचा नाहीस तू, दसऱ्यालासुद्धा. लेन्सला लागेल म्हणायचास. मी झाकणावर लावलं. अक्षता टाकल्या. करंजी पाटावर ठेवली. मग निरांजन लावायला गेले तर वारा. लावलं की विझे. फ्रान्सिसने टोपी काढून आडोसा केला तेव्हा कुठे ज्योत धरली. एक बाई मुलाला घेऊन थांबली होती बघत. मुलाने विचारलं, ती आजी कॅमेऱ्याला का ओवाळतेय? बाई त्याला ओढत घेऊन गेली.

मी ओवाळलं. सावकाश, घरी ओवाळायचे तसंच. तू म्हणायचास ते कडं मला दिसलं नाही, दिगू. डोळ्यांना कडं दिसत नाही, ते कॅमेऱ्यालाच दिसतं. मला एक ज्योत दिसली आणि तिच्याखाली ओल्या वाळूत दुसरी ज्योत, दोन्ही बरोबर फिरत होत्या. तुझ्या काचेवर झाकण होतं, त्यामुळे तुलाही दिसलं नसेल. म्हणजे ते कुणालाच दिसलं नाही. पण मी ओवाळलं तुलाच. चंद्राला नाही. आपल्या वादात तू हरवलंस मला, एवढं कबूल करते, आणि मला त्याचा जराही आनंद नाही.

मग वाऱ्याने ज्योत विझली. मी ताट हातात धरून उभी राहिले. वाळूतले दिवे तसेच होते, हिरवे, जांभळे, कुठल्याशा खिडकीतला एक लाल. पायांखालची वाळू खचत होती, कुणी कडेने पळत गेलं, फ्रान्सिसने दोनदा "ताई" म्हणून हाक मारली. मी हलले नाही. तू अजून "झालं" म्हणाला नव्हतास.